लाल म्हणजे चालू

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. माझ्या खोलीत मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर आहे, त्याच्यामागे रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या आहेत, टेबलाखाली छातीत धडधडणारा स्पीकर आहे आणि त्यावर मी गेम खेळते, हेही मी तेवढ्याच मोकळेपणानं सांगते. आमच्या पोशीर गावात सत्तावीस वर्षांची मुलगी गेम खेळते म्हटल्यावर लोकांना वाटतं, लग्न ठरत नाही म्हणून हिचं डोकं फिरलं. ठरत नाही असं नाही, मी ठरवलेलं नाही. पण तो विषय आज नको.

आजचा विषय आबांचा. आबा म्हणजे माझे वडील.

आबा नववीपर्यंत शिकले. नंतर खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, आणि हळूहळू तिथल्या सबस्टेशनच्या खोलीत पॅनलसमोर जाऊन बसले. सबस्टेशन म्हणजे कारखान्याला लागणारी वीज जिथून वाटली जाते ती जागा, आणि पॅनल म्हणजे भिंतभर उभी लोखंडी कपाटं, त्यांच्यावर ओळीनं बोराएवढे दिवे. त्या दिव्यांकडे बघायचं, कुठली लाईन चालू आहे, कुठली बंद आहे त्यावर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. नेरळहून कर्जत, कर्जतला गाडी बदलून खोपोली. हातात डबा, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी टेस्टर खिशातच असतो. लग्नाला जातानाही असतो. आई म्हणते, "नवरा-नवरीत करंट बघणार हायत का तुमी?"

मी बी.एस्सी. आयटी झाले आणि चौक गावाजवळच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर लागले. कुठला माल कुठल्या टेंपोत चढला ते बघायचं. काम बरं होतं, पण मला गेमचं वेड कॉलेजपासून होतं. मग एकेक वस्तू जमवत गेले. आधी कॉम्प्युटर, मग खुर्ची, मग स्पीकर, मग दिव्यांच्या पट्ट्या आणि उभे ठेवायचे दोन लांबट दिवे. सगळ्यात शेवटी, खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या दुकानातून, माइकवाला हेडफोन.

खुर्ची आली तेव्हा आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली. "ही तर न्हाव्याच्या दुकानातली हाय," म्हणाली. दिवे लागले तेव्हा म्हणाली, "गणपती उठून गेलं तरी मखर काढलं नाय व्हय गं?"

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्क्रीनवर जे दिसतं त्याचे रंग हे दिवे मागच्या भिंतीवर पसरवतात. तुम्ही जंगलातून चालत असाल तर भिंत हिरवी होते, आग लागली तर नारिंगी. दिवे आवाजावरही ठेवता येतात. मग ढग गडगडला की सगळी खोली लखलखते, कोणी नुसतं खोकलं तरी एक छोटी लाट उठते. आणि हेडफोन घातला की पावलं ऐकू येतात. कोणाची पावलं, कुठून, गवतावर की दगडावर, डाव्या कानामागून की उजव्या. मी डोळे मिटून सांगू शकते की माणूस लाकडी जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे. हे माझं कसब आहे, आणि पुढे नोकरी लागली ती याच कसबावर.

आबांनी माझी खोली पहिल्यांदा दिवे लागलेली बघितली तेव्हा गेममध्ये मी मरायला टेकले होते. असं झालं की स्क्रीन लाल होते आणि तिच्याबरोबर भिंत, छत, माझे हात, सगळंच लाल. मी बटणं बडवत होते. दारातून आवाज आला, "झकास! सगळं चालू हाय!"

"आबा, मरतेय मी!" मी ओरडले.

आबा हसले आणि मान डोलवली.

मी मेले. गेम परत सुरू झाला, जंगल आलं, खोली हिरवीगार झाली. आबांचा चेहरा पडला. "बंद पडलं काय गं?"

तेव्हा मला कळलं की आबा माझ्या खोलीला पॅनल समजून वाचत होते. वीजवाल्यांचा नियम तुमच्या-माझ्या उलटा असतो. पॅनलवर लाल दिवा म्हणजे लाईन चालू, हिरवा म्हणजे बंद, पिवळा म्हणजे ट्रिप, बिघाड होऊन लाईन आपोआप तुटलेली. आबांनी मला हे हातवारे करून समजावलं होतं. "लाल म्हणजे लाईन जिवंत हाय. हात लावायचा नाय. हिरवं म्हणजे मेलेली. मग खुशाल हात लाव, काम कर. ह्यात चूक केली तो माणूस घरी जात नाय."

त्यानंतर रोज दिवेलागणीला आबा चहाचा कप घेऊन माझ्या दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर येऊन बसायला लागले. एक हात कपाला, दुसरा टेबलाखालच्या स्पीकरवर. गेममध्ये पाऊस लागला, तोफा उडाल्या, की त्यांच्या तळहाताखाली ते सगळं थरथरायचं. "हम चांगला हाय," म्हणायचे. हम म्हणजे यंत्राची घुमघुम. कारखान्यात ट्रान्सफॉर्मरवर असाच हात ठेवून ते त्याची तब्येत बघायचे. मला वाटायचं, आबांना आपल्या दिव्यांची गंमत वाटते. अभिमानच वाटायचा. मी शिकले, कमावलं, आणि माझ्या खोलीत आबांना त्यांची जुनी खोली परत मिळाली.

आबांना थोडं कमी ऐकू येतं हे मला माहीत होतं. आमचे आजोबाही म्हातारपणी असेच होते, घराण्यातच आहे. "थोडं कमी" एवढंच माझ्या डोक्यात होतं. आबा प्रश्न स्वतःच विचारायचे, म्हणजे उत्तर काय येणार त्याचा अंदाज असायचा. "जेवलीस?" "गाडी वेळेवर व्हती?" मी काहीही म्हटलं तरी "बरं, बरं." मी म्हटलं की चौकला आज आगीचा बंब आला होता, तरी "बरं, बरं." मला वाटायचं, म्हातारपणी माणूस समाधानी होतो.

मग पुण्याहून निरोप आला. तिथली एक कंपनी गेम बनवते, आणि त्यांना गेममधले आवाज तपासणारं माणूस हवं होतं. पाऊल पडलं पण आवाज उशिरा आला, दार डावीकडे आहे पण करकर उजवीकडून येते, असल्या चुका पकडायच्या. मी परीक्षा दिली आणि निवड झाली. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. मी होकार कळवायच्या आधीच आबांनी आळीत पेढे वाटले. पेढ्याचा कागद पुढे करत प्रत्येकाला सांगत होते, "आवाज तपासायची नोकरी हाय. इंजिनेरासारखी."

मी मात्र होकार पाठवत नव्हते. का, ते मलाही धड सांगता येत नव्हतं. घर सोडायची भीती होती, हे खरं. पण अजून काहीतरी होतं. आबा फार घाई करत होते. रोज विचारायचे, "पाठवलंस का? उद्या पाठव. सकाळीच पाठव." आमच्या आबांनी आयुष्यात कधी कशाची घाई केली नव्हती. ज्या कामात घाई केली की माणूस मरतो, त्या कामात आयुष्य गेलं त्यांचं.

बुधवारी मला सुट्टी होती. संध्याकाळी मी खेळत होते आणि खेळ रेकॉर्ड करत होते. माझी ती सवयच आहे. नंतर बघून आपल्या चुका शोधायच्या. स्क्रीनवरचं सगळं आणि माइकमधून मी जे बोलेन ते, दोन्ही त्यात येतं. एवढ्यात रस्त्यावर गॅसच्या टेंपोचा भोंगा वाजला. आमच्याकडे टेंपो थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं. मी खेळ थांबवला, हेडफोन टेबलावर टाकला आणि रिकामा सिलिंडर घेऊन पळाले. परत आले तेव्हा आबा माझ्या खुर्चीतून उठत होते, आई चहाचे कप उचलत होती. "खुर्ची लई भारी हाय," आबा म्हणाले. मी हसले. बस, एवढंच घडलं.

गुरुवारी कामावरून आल्यावर मी ते रेकॉर्डिंग लावलं. स्क्रीनवर माझा थांबवलेला खेळ, काही हलत नाही. पळत जाणारी माझी चप्पल, लांबवर भोंगा. मी पुढे ढकलणारच होते. तेवढ्यात खुर्ची करकरली आणि अगदी जवळून, जणू माझ्या कानातच, आबांचा श्वास ऐकू आला. त्यांनी हेडफोन मांडीवर घेतला असावा.

"अवो, पोरीच्या खुर्चीत कशाला बसलात? काय दाबाल-बिबाल," आईचा आवाज.

"काय?"

"दाबाल म्हणते काय!"

"बंद हाय गं. हिरवा दिवा हाय, हे बघ."

माझ्या माइकच्या टोकाला एक ठिपका आहे. माइक चालू असला की तो हिरवा असतो, बंद केला की लाल. बनवणाऱ्यानं सगळ्या जगाचा नियम लावला होता. आबांनी त्यांचा लावला. हिरवा दिवा, म्हणजे लाईन मेलेली, म्हणजे खुशाल हात लावा.

"हिकडं ये. समोर उभी राहा, तोंड दिसू दे," आबा म्हणाले. "तिला कायतरी बोललीस काय तू?"

"मी कशाला बोलू? पण किती दिवस असं लपवायचं?"

"काय?"

"किती दिवस!"

"पुण्याला जाईस्तवर. एकदा गेली की मग मशीन लावीन कानाला. आता लावलं तर तिला दिसंल ना."

"डॉक्टर काय म्हणले ते ऐकलं नाय काय तुमी? जेवढा उशीर कराल तेवढं जड जाईल म्हणले. नंतर मशीन लावून पण बोलणं नीट कळायचं नाय म्हणले."

"नाय ऐकलं," आबा म्हणाले. "म्हणून तर गेलो व्हतो डॉक्टरकडं."

आई हसली. कपात चमचा हलल्याचा आवाज.

"उजव्यानं तर कायच नाय आता," आबा म्हणाले. "डाव्यानं वरडलं की येतं."

"माझं येतं काय?"

"तुझं कसं नाय येणार? अख्ख्या पोशीरला येतं." मग आवाज खाली आला. "पोरीचं येत नाय गं. तिचा आवाज बारीक हाय. ती बोलते, मी तोंडाकडं बघतो. आधी तोंडावरनं कळायचं मला. हाय म्हणली, नाय म्हणली, कळायचं. आता ती शिकलेलं बोलते. आहे म्हणते का नाही म्हणते, ओठावरनं पत्ताच लागत नाय. मग मी आपला हसतो. तिच्या खोलीत बसतो तवा बरं वाटतं. तिथं आवाज दिसतो तरी."

"सांगा मग तिला."

"आन ती जायाची नाय. मला म्हाईत हाय तिचा सोभाव. आबाला असं सोडून कशी जाऊ म्हणंल आन बसंल इथंच टेंपो मोजत. नाय. तिच्या कानाला नोकरी लागली, माझ्या कानापायी सुटाया नको."

मग बाहेरून माझीच हाक आली, "आई, पुस्तक आण गं गॅसचं!" आणि खुर्ची करकरली.

मी हेडफोन काढला नाही. तशीच बसून राहिले. पहिल्यांदा मला राग आला, खरं सांगते. माझ्या आयुष्याचं माझ्या पाठीमागे ठरवणारे हे दोघं कोण? मग त्या "आहे"चा घाव बसला. कॉलेजात पहिल्या वर्षी मी "हाय" म्हटलं की मागच्या बाकावरून कोणीतरी "हॅलो" म्हणायचं. मी सहा महिन्यांत जीभ वळवली. घरी येऊनही तसंच बोलायला लागले. मला वाटलं मी वर चढले. वर चढताना मी आबांच्या हातातली शिडी काढून घेतली होती, आणि ते खाली उभे राहून हसत होते.

मी काय करणार होते? जात नाही म्हटलं असतं तर आबांनी जे लपवलं ते वाया. काही न बोलता गेले असते तर मी रुजू होईपर्यंत, अजून महिनाभर, आबा कानाला मशीन लावणार नव्हते, आणि डॉक्टर उशीर करू नका म्हणत होते. समोर बसवून "आबा, मला कळलंय" म्हटलं असतं तर त्यांना ते ऐकूच आलं नसतं. हे मात्र मनात आलं तेव्हा मला रडू आलं.

शुक्रवारी कामावरून परस्पर शिळफाट्याला गेले. भिंतीवरच्या पट्ट्यांचे रंग मला हवे तसे बदलता यायचे, पण माइकच्या टोकाचा ठिपका काही केल्या बदलेना. दुकानदार मोठे सावकाश गृहस्थ आहेत. त्यांचे आजोबा समुद्राकाठच्या गावातून इकडे येऊन स्थायिक झालेले. त्यांनी हेडफोन त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला, काहीतरी अपडेट टाकलं आणि विचारलं, "ताई, कसा पाहिजे?"

"चालू असला की लाल. बंद असला की हिरवा."

"उलटं कशाला? सगळ्या जगात हिरवं म्हणजे चालू."

"आमच्या घरात नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मग सांगितलं, वडील पॅनलवर होते, आता ऐकू येत नाही. त्यांनी मान हलवली. "आमच्या अब्बांना मशीन लावलं तेव्हा तीन दिवस ते पंख्यावर चिडलेले. म्हणायचे, हा पंखा नवा आणला काय, एवढा आवाज करतो? पंखा वीस वर्षांचा." ठिपका लाल करून त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. "आधी डॉक्टरकडे न्या हां ताई. हे खेळणं आहे."

घरी आले तेव्हा आबा स्टुलावर येऊन बसलेलेच होते. मी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. खेळ लावला नाही. हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला, माइक फिरवून माझ्या तोंडाकडे घेतला आणि माझा आवाज त्यांच्या कानात जाईल असं करून आवाज चढवत नेला. माइकचं टोक लाल होतं. आबांनी ते लगेच बघितलं. पंचवीस वर्षांची नजर.

"आबा," मी म्हटलं.

आबांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"आबा, मी बोलते."

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर आले आणि तिथंच थांबले. डाव्या कानावरच्या गादीवर त्यांनी हात दाबून धरला.

"तुझा आवाज जाड झालाय गं," म्हणाले.

त्यांच्या डोक्यात माझा जो आवाज होता तो कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा होता. तोच ते इतके दिवस जपून वापरत होते.

"मोठी झाले ना," मी म्हटलं.

"लाल हाय," माइककडे बोट दाखवत आबा म्हणाले. "म्हणजे चालू हाय?"

"चालू हाय, आबा." तो शब्द कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडातून निघाला. आणि मला दिसलं की त्यांना तो ऐकूही आला आणि ओठांवरही कळला.

"आन हिरवा झाला की बंद."

"आजपासून. आजच बदलून आणलंय. आधी उलटं व्हतं."

आबांनी आधी नुसतीच मान हलवली. मग मान थांबली. पॅनलवरच्या माणसाला वायरिंग समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी माइककडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उलटं म्हणजे, परवा..."

"परवा हिरवा व्हता. चालू व्हतं."

"सगळं?"

"सगळं. खुर्चीत बसल्यापासनं."

आबा खाली बघत राहिले. मांडीवर दोन्ही हात. मला वाटलं आता उठून जातील. मग त्यांनी मान वर केली आणि खऱ्या संतापानं म्हणाले, "वायरिंग करणाऱ्याला अक्कल नाय! हिरव्या दिव्यावर माणूस बिनधास्त हात घालतो. मेला असता ना कोणीतरी!"

"मेलं नाय कोणी," मी म्हटलं. माझा आवाज फुटला, आणि तोही त्यांना ऐकू गेला असणार, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दारात आई उभी होती. पदर तोंडाला लावून हसत होती का रडत होती कोण जाणे. "मी म्हणत व्हते, काय दाबाल-बिबाल," म्हणाली. आणि हेडफोनमधून तिचं तेही वाक्य आबांना गेलं. आबांनी गादी कानापासून लांब धरली. "हिला नको ह्यात. ही तशीच येते."

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं, पण ऐकू येणारं भांडण झालं. मी म्हटलं, आधी मशीन, मग पुणं. आबा म्हणाले, आधी पुणं, मग मशीन. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. ते म्हणाले, तू चोरून ऐकलंस. मी म्हटलं, तुम्हीच दिव्याकडे बघून बोललात. हे त्यांना लागलं. त्यांच्या नोकरीत दिवा वाचायला ते कधी चुकले नव्हते. मग म्हणाले, "दोन्ही एकदम करू. उद्या सकाळी तू पाठव तुझं. सोमवारी मी कानाचं बघतो."

"आणि नाही गेलात तर?"

"काय?"

"नाय गेलात तर?"

"मग ये परत आन टेंपो मोज," आबा म्हणाले.

शनिवारी सकाळी मी होकार पाठवला. आबा शेजारी उभे राहून बघत होते. मी बटण दाबलं तेव्हा त्यांनी मान एकदा खाली-वर केली, लाईन जोडणारा ब्रेकर नीट बसल्यावर करायचे तशी.

सोमवारी आम्ही तिघं कर्जतला गेलो. मशीन मिळायला थोडे दिवस गेले. उजव्या कानाला फारसा उपयोग नव्हता, डाव्याला होता. डॉक्टरांनी मला हेडफोनबद्दल झापलं, एवढ्या मोठ्या आवाजात ऐकवायचं नाही म्हणाले. मी ऐकून घेतलं. आपली चूक होती.

मशीन आलं आणि दोन दिवस आबांनी ते कानात घातलंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अजून तयार नाय झालं ते." तिसऱ्या दिवशी मी बघितलं. मशीन चार्जिंगच्या डबीत होतं आणि डबीवर दिवा लागला होता, हिरवा. चार्जिंग पुरं झालं की तो हिरवा होतो. आबा रोज सकाळी उठून डबी उघडायचे, हिरवं बघायचे, आणि अजून बंद आहे म्हणून परत ठेवून द्यायचे. आईनं कपाळावर हात मारला. डबीचा दिवा काही मला बदलता आला नाही. मग आबांनीच तोडगा काढला. नखपॉलिश घेतलं, आईचं, गौरीच्या वेळचं, लालभडक, आणि त्या दिव्यावर एक ठिपका लावून टाकला.

पंख्यावर ते चिडले नाहीत. चिडले ते माझ्या कीबोर्डवर. "एवढा आवाज करतं हे? आन आमाला सांगते कामाचं हाय."

मी पुण्याला आले त्याला आता पाच महिने झाले. कॉम्प्युटर घेऊन आले, खुर्ची पण आणली. स्पीकर आबांना ठेवला. ते टीव्हीला जोडून त्यावर हात ठेवून बातम्या बघतात. कानात मशीन असलं तरी हाताची सवय आहे. आणि त्या दोन लांबट दिव्यांपैकी एक आमच्या ओट्यावरच्या खिडकीत उभा आहे. तो घरच्या वायफायला जोडलेला आहे, म्हणजे त्याचा रंग मी इथून मोबाईलवर बदलू शकते. दिवसभर तो हिरवा असतो. संध्याकाळी मी ऑफिसातून खोलीवर पोहोचले, हातपाय धुतले, की त्याला लाल करते. आबा ओट्यावर बसलेले असतात. दिवा लाल झाला की ते उठतात, संध्याकाळी चार्जिंगला ठेवलेलं मशीन डबीतून काढतात, डाव्या कानात घालतात आणि मला फोन लावतात. आळीतल्या लोकांना आता माहीत झालंय. शेजारची काकू रस्त्यावरून जाताना ओरडते, "आबा, पोरगी चालू झाली!"

परवा ऑफिसात उशीर झाला. एका गेममध्ये म्हातारा माणूस काठी टेकत चालतो, आणि काठीचा आवाज पावलाच्या आधी यायचा. ते पकडता पकडता सात वाजून गेले आणि दिवा बदलायचा राहिला. फोन वाजला.

"हिरवंच हाय अजून," आबा म्हणाले. "कुठं हायस?"

"ऑफिसात हाय! आता निघते!" खिडकीखालच्या रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, म्हणून मी जीव खाऊन ओरडले.

"मग तसं सांग ना," आबा म्हणाले. "वरडतेस कशाला? बहिरा हाय का मी?"